ऊसतोडीला निघालेल्या लेकरांच्या कागदावर एक ओळ हवी : मराठवाड्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव

महोदय, महोदया,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लहान मुलांचा दवाखाना चालवते. दसरा तोंडावर आला आहे. आमच्याकडच्या वाड्या-तांड्यांवर मुकादमांची उचल वाटून झाली आहे आणि दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतील. त्या निघायच्या आत आपल्या हातून एक काम व्हावं, यासाठी हे पत्र लिहिते आहे.

ताप घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर एक ओळ छापलेली असावी : ‘गेल्या दोन महिन्यांत या मुलाला किंवा घरातल्या कुणाला सर्दी, ताप, खोकला, घसादुखी किंवा जुलाब झाले होते का? झाले असतील तर साधारण कधी?’ प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सगळीकडे. आणि ज्या घरची माणसं ऊसतोडीला जाणार आहेत, त्या घरच्या प्रत्येक लेकराबरोबर हीच ओळ असलेला एक कागद जावा. त्याला नवी योजना लागत नाही, यंत्र लागत नाही, पद भरावं लागत नाही.

हे मागताना माझ्या मनात कोरोना आहे. कोरोनाचं नाव काढलं की आता लोक विषय बदलतात, हे मला दिसतं. २०२५च्या मे-जूनमध्ये रुग्ण थोडे वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हाही माझ्या दवाखान्यातल्या बाकांवर कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. तरी आपण हे शेवटपर्यंत वाचावं. मुलांचं शरीर या विषाणूशी कसं लढतं ते कळलं की तारखेची ही ओळ मी एवढ्या आग्रहाने का मागते आहे तेही कळेल.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये गावोगावी मोठी माणसं ऑक्सिजनसाठी तळमळत होती आणि त्याच घरांतली लेकरं ओसरीवर खेळत होती. ‘लेकरांना काही होत नाही’ हा समज तेव्हा जो घट्ट बसला तो बसलाच. त्यानंतर लगेच जून-जुलैमध्ये आयसीएमआरचं चौथं राष्ट्रीय सेरो सर्वेक्षण, म्हणजे लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासण्याची पाहणी, झालं. त्यासाठी महाराष्ट्रातून जे ६ जिल्हे घेतले होते, त्यांत बीड, परभणी आणि नांदेड हे ३ आपले होते. त्या फेरीत ६ ते ९ वर्षांची मुलं पहिल्यांदाच तपासली गेली. देशभरात त्यांच्यापैकी ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, १० ते १७ वयोगटात ६१.६ टक्के. तेव्हा १८ वर्षांखालच्या कुणालाही लस सुरू झालेली नव्हती. म्हणजे ही सगळी लेकरं विषाणूला भेटून आली होती. त्यातल्या बहुतेकांच्या घरी आजही विचारलं तर ‘आमच्या पोराला कोरोना झालाच नाही’ असंच सांगतील, कारण झाला तो दीड दिवसाचा ताप आणि वाहतं नाक एवढाच.

मुलांमधली लक्षणं तशी फसवीच असतात. ताप, नाक वाहणं, खोकला, घसा लाल होणं, कधी नुसत्या उलट्या-जुलाब. तान्हं बाळ दूध ओढत नाही आणि किरकिर करतं. जरा मोठं मूल डोकं दुखतं, पिंढऱ्या दुखतात म्हणतं. २०२२च्या सुरुवातीला ओमायक्रॉन आला तेव्हा कुत्रं भुंकावं तसा खोकला आणि तापात येणारे झटके जास्त दिसायला लागले. २०२३च्या एप्रिलमध्ये तान्ह्या बाळांचे डोळे चिकटायला लागले, तेव्हा आया म्हणाल्या, डोळे आलेत. यातलं एकही लक्षण पाहून कुणाला कोरोना आठवत नाही, आणि प्रत्येक सर्दीला तपासणी करा असं मीही म्हणत नाही. चार दिवसांत ही बहुतेक लेकरं खडखडीत बरी होतात.

ती बरी कशी होतात, याचा मोठा अभ्यास गेल्या काही वर्षांत झाला आहे. हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून. लहान मुलांच्या नाकाच्या आतल्या अस्तरात या प्रथिनाचं काम मोठ्यांपेक्षा कमी चालतं, हे २०२०मध्येच दिसून आलं होतं. पण शिरकाव कमी होतो एवढ्यावर सगळं उत्तर मिळत नाही, कारण संसर्ग झालेल्या मुलांच्या नाकात विषाणू पुष्कळदा मोठ्यांइतकाच भरतो. पुढचा उलगडा २०२१मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी केला. विषाणूची चाहूल घेणारी जी यंत्रणा पेशीच्या आत असते, ती निरोगी मुलांच्या नाकातल्या पेशींमध्ये आधीपासूनच जास्त तयारीत असते. खळ्यावर जागलीला बसलेला माणूस पाचोळा वाजला तरी उठतो, तशी ही पेशी विषाणू आत आला की लगेच इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. मोठ्यांच्या नाकात हाच इशारा उशिरा जातो. तोवर विषाणू छातीत उतरू शकतो.

पुढचा भाग अँटिबॉडीचा. मेलबर्नमध्ये २०२०मध्ये एका कुटुंबाचा अभ्यास झाला. आईवडील लग्नाला जाऊन आले, आजारी पडले, दोघांची तपासणी पॉझिटिव्ह आली. घरात तीन मुलं होती. त्यांच्या आरटी-पीसीआर पुन्हा पुन्हा केल्या आणि प्रत्येक वेळी त्या निगेटिव्ह आल्या. तरी तिघांच्याही लाळेत या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. सर्वांत धाकट्या लेकराला एकही लक्षण नव्हतं आणि त्याचाच अँटिबॉडीचा प्रतिसाद सर्वांत जोरदार होता. त्याच शहरातल्या पुढच्या एका अभ्यासात उलटी बाजू दिसली. सौम्य संसर्ग झालेल्या मोठ्यांपैकी ७६ टक्क्यांच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या, मुलांपैकी मात्र फक्त ३७ टक्क्यांच्या, आणि दोघांच्या नाकातला विषाणू साधारण सारखाच होता. न्यूयॉर्कच्या संशोधकांना असं आढळलं की मुलांच्या अँटिबॉडी बहुतेक विषाणूच्या बाहेरच्या काट्यांवर, म्हणजे स्पाइक प्रथिनावर रोखलेल्या असतात, तर मोठी माणसं विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड या भागाविरुद्धही भरपूर अँटिबॉडी करतात. विषाणू फुटून आतला माल बाहेर पडायच्या आतच मुलांचं शरीर त्याला आवरतं, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. पुढे ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं की मुलांच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, विषाणूची ओळख वर्षभर तरी धरून ठेवतात.

हे सगळं वाचताना मला फार आनंद झाला होता, तो इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडची लेकरं, ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, ज्यांच्या घरात चुलीचा धूर, त्यांनीही हा विषाणू असाच परतवला.

पण हीच जलद आणि जोरदार प्रतिकारशक्ती काही मुलांमध्ये विषाणू गेल्यावरही थांबत नाही. २०२०च्या एप्रिलअखेर इंग्लंडच्या डॉक्टरांनी पहिला इशारा दिला. रक्तदाब कोसळून शॉकमध्ये आलेली, लालबुंद डोळ्यांची, पोट दुखणारी, हृदय मंदावलेली मुलं. त्याच सुमारास इटलीच्या बेर्गामोमध्ये कावासाकी या रक्तवाहिन्या सुजवणाऱ्या रोगासारखी लक्षणं असलेल्या मुलांची संख्या एकाएकी वाढली. मे २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली आणि आज आपण त्याला एमआयएस-सी, म्हणजे मुलांच्या अनेक अवयवांना एकदम सूज आणणारा आजार, म्हणतो. हा आजार संसर्गानंतर साधारण २ ते ६ आठवड्यांनी येतो. तोवर सर्दी विसरलेली असते. नाकातला विषाणू गेलेला असतो, म्हणून आरटी-पीसीआर बहुधा निगेटिव्ह येते.

शरीर असं का करतं याचे धागे हळूहळू हाती येत आहेत. या मुलांमध्ये एका विशिष्ट जातीच्या टी पेशी बेसुमार वाढलेल्या दिसल्या. २०२४मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की काही मुलांमध्ये विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिडचा एक तुकडा शरीराच्याच एसएनएक्स-८ या प्रथिनाशी इतका मिळताजुळता असतो की त्याच्याविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी आणि टी पेशी स्वतःच्याच प्रथिनावर उलटतात. कुठल्या मुलावर ही वेळ येणार हे आधी ओळखण्याची सोय आपल्याकडे नाही. ज्यांच्यावर येते ती बहुतेक धडधाकट, शाळकरी मुलं असतात, साधारण ८-९ वर्षांच्या आसपासची. मूळ संसर्गात त्यांना काही झालेलंही नसतं.

दुसऱ्या लाटेनंतरच्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका तांड्यावरचा मुलगा तापाने पडला. तिसऱ्या दिवशी पोटात उजवीकडे दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. त्याला जवळच्या एका रुग्णालयात नेलं आणि अपेंडिक्स म्हणून पोट उघडलं. आत आतड्याजवळच्या गाठी सुजलेल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री त्याचं ब्लडप्रेशर उतरलं, हातपाय गार पडले. त्याला वैद्यकीय महाविद्यालयात हलवलं तेव्हा इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय जेमतेम काम करताना दिसलं. तिथल्या निवासी डॉक्टरने बापाला विचारलं, घरात एवढ्यात कुणी आजारी होतं का? त्याची आजी पाच आठवड्यांपूर्वी कोरोनाने गेली होती. पोरगा आजीजवळच झोपायचा. स्टेरॉईड सुरू झालं आणि तो वाचला. नंतर तो माझ्याकडे तपासणीला येत राहिला म्हणून मला हे सगळं कळलं. पोट उघडणाऱ्या सर्जनला मी दोष देत नाही. पोटदुखी, ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांवरून कुणीही अपेंडिक्सच म्हटलं असतं. आजीचं जाणं मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

आपल्याकडे एमआयएस-सी ओळखण्याच्या खरी आड येते ती डेंग्यूची साथ. पावसाळा सरता सरता ताप, अंगावर लाल पुरळ, पोटदुखी आणि कमी झालेल्या पेशी घेऊन लेकरं येतात. एमआयएस-सीमध्येही प्लेटलेट उतरू शकतात. गावात ‘पेशी कमी झाल्या’ म्हटलं की पुढचा शब्द डेंग्यूच असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण उपचारात फरक आहे. डेंग्यूच्या शॉकमध्ये रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपलेलं असतं, तिथे मोजून-मापून पण नेटाने सलाईन द्यावं लागतं. एमआयएस-सीमध्ये अनेकदा हृदयच थकलेलं असतं. तिथे सलाईनच्या बाटलीमागून बाटली चढवली तर फुप्फुसात पाणी भरतं आणि मूल हातचं जातं. दोन्हींत फरक करायला मोठं यंत्र लागतंच असं नाही. शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी डेंग्यूमध्ये बहुधा फारसा वाढत नाही, एमआयएस-सीमध्ये तो खूप वर जातो, आणि सीआरपी आता तालुक्याच्या लॅबमध्ये होतो. हृदयाचे ठोके तापाच्या मानाने फार वाढलेले, यकृत हाताला लागतंय, सलाईन दिल्यावर श्वास वाढतोय, हेही हाताने आणि कानाने कळतं. पण शंका आली तरच हे तपासलं जातं, आणि शंका यायला ती तारीख लागते.

कुणी म्हणेल की अँटिबॉडीची तपासणी करा, कळेल. २०२०मध्ये ते बरोबर होतं. तेव्हा अँटिबॉडी सापडल्या म्हणजे नुकताच संसर्ग झाला असं म्हणता येत होतं. आज जवळपास प्रत्येक शाळकरी मुलाच्या रक्तात त्या सापडतील, मग त्याचा ताप टायफॉइडचा असो, स्क्रब टायफसचा असो की डेंग्यूचा. उलट मेलबर्नच्या अभ्यासाने सांगितलंच आहे की एकाच सौम्य संसर्गानंतर अनेक मुलांच्या रक्तात त्या तयारच होत नाहीत. म्हणजे या तपासणीवर गरीब आईबापाचे पैसे जातील आणि डॉक्टरच्या हाती फारसं काही लागणार नाही. घरात कोण कधी आजारी होतं, ही माहिती फुकट आहे आणि तिचं मोल आता उलट वाढलं आहे.

आता ऊसतोडीचं सांगते, कारण या पत्राचं खरं कारण ते आहे.

आमच्याकडून निघालेली टोळी सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडे जाते. गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते. तिथे फडाजवळ कोप्यांची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांची, वस्ती पडते, एकाला एक लागून. एका कोपीत सर्दी-ताप आला की आठ दिवसांत सगळी वस्ती खोकते. कुणी दवाखान्यात जात नाही, कारण खाडा पडतो. मोठी माणसं गोळी घेऊन पहाटे फडात उतरतात, लेकरं पाचटावर खेळतात आणि बरी होतात. तीन-चार आठवड्यांनी त्यातल्या एखाद्याला ताप चढतो आणि उतरत नाही. तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असते. ज्या डॉक्टरपुढे ते लेकरू येतं, त्याला त्या वस्तीतली सर्दी ठाऊक नसते, आणि तारीख विचारली तर आईला उजाडल्यापासून मावळेपर्यंतचे सगळे दिवस सारखेच असतात. तिची नोंद असलेली अंगणवाडी गावाकडे राहिली आहे, आशाताई गावाकडे राहिली आहे. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं तरी कुणाच्या नजरेखाली असतात. पण सहा वर्षांखालची लेकरं आईबापाबरोबरच जातात.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये पुढे आला, तेव्हा ऊसतोडणाऱ्या बायांच्या आरोग्याकडे राज्याचं लक्ष गेलं. ते जायलाच हवं होतं. त्यांच्या लेकरांच्या कागदाकडे तेवढंच लक्ष जावं, अशी माझी विनंती आहे.

या कागदावर काय असावं? वर लिहिलेली ओळ आणि तिच्यापुढे तारखांसाठी रिकामी जागा. मुकादमाच्या टोळीत लिहिता-वाचता येणारं कुणीतरी असतंच, शाळा सुटलेलं एखादं पोर तरी असतं. ‘कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी खोकला’ एवढं त्याने लिहिलं तरी डॉक्टरला पुरेल. लसीकरणाच्या नोंदी त्यावरच असाव्यात, म्हणजे कागद जपला जाईल. खाली मोठ्या अक्षरात लिहावं की तीन दिवस ताप उतरला नाही आणि त्याबरोबर डोळे लाल, अंगावर पुरळ, ओठ-जीभ लाल, पोटदुखी, उलट्या-जुलाब यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. हातपाय गार पडले, लेकरू गळून गेलं, लघवी कमी झाली, तर थांबू नका, १०८ला फोन करा. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी मागच्या बाजूला हाच मजकूर कन्नडमध्ये छापावा. तिथल्या डॉक्टरला मराठी वाचता येईलच असं नाही.

आपल्याच यंत्रणेतलं आणखी एक सांगायला हवं. ताप आला की पहिल्याच दिवशी स्टेरॉईडचं इंजेक्शन टोचायची पद्धत खेड्यापाड्यांत अजून आहे. ताप लगेच उतरतो, आईबाप खूश होतात. जून २०२१मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत लक्षणं नसलेल्या आणि सौम्य रुग्णांना स्टेरॉईड घातक आहे असं स्पष्ट म्हटलं होतं. त्यात आणखी अडचण अशी की अशा इंजेक्शनाने ताप दबतो आणि ‘तीन दिवसांचा ताप’ ही खूणच पुसली जाते. उलट खऱ्या एमआयएस-सीमध्ये तेच स्टेरॉईड योग्य वेळी, योग्य मात्रेत जीव वाचवतं. नोव्हेंबर २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात दाखल मुलांसाठी त्याची शिफारस केली. हे आपल्या ग्रामीण रुग्णालयांसाठी फार महत्त्वाचं आहे. कारण दुसरं औषध, इम्युनोग्लोब्युलिन, वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम द्यावं लागतं. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ८ बाटल्या, आणि एकेक बाटली हजारोंची. ती मिळाली तर उत्तमच. पण ती येईपर्यंत काहीच न करता बसणं परवडणारं नाही, हे प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला माहीत असायला हवं.

आणि इको. अंबाजोगाई, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी, संभाजीनगरची घाटी ही जुनी महाविद्यालयं आहेत. आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीतही सुरू झाली आहेत. यांतल्या कुठल्या ठिकाणी लहान मुलाचा इको कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत होतो, रात्री आलेल्या मुलासाठी कुणाला फोन करायचा, हे तालुक्याच्या डॉक्टरला मधल्या दोस्ताला विचारून कळतं. आठ जिल्ह्यांची मिळून ही एका पानाची यादी आपण काढली आणि दर तिमाहीला ताजी ठेवली, तर रात्री दोन वाजता अँब्युलन्स कुठल्या दिशेला वळवायची याचा खल दारात होणार नाही.

आपण म्हणाल, ओमायक्रॉननंतर एमआयएस-सी खूप कमी झाला, मग एवढा आटापिटा कशाला? तो कमी झाला हे खरं आहे, आणि लसीचाही त्यात वाटा आहे. पण आपल्या देशात लस १५ वर्षांवरच्यांना ३ जानेवारी २०२२पासून आणि १२ वर्षांवरच्यांना १६ मार्च २०२२पासून मिळाली. त्याखालच्या मुलांपर्यंत ती राष्ट्रीय मोहिमेत आलीच नाही. त्यानंतर जन्मलेलं प्रत्येक बाळ आईकडून आलेल्या अँटिबॉडी काही महिन्यांत विरल्या की या विषाणूला स्वतःच्या बळावर पहिल्यांदा भेटतं. आजार दुर्मीळ झाला की डॉक्टरांच्या मनातूनही जातो, आणि मग जे एखादं लेकरू येतं, त्याच्याकडे पाहून कुणाला काही आठवत नाही.

शिवाय ही ओळ एकट्या कोरोनासाठी नाही. घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात, तो संधिवाताचा ताप आपल्याकडच्या गरीब वस्त्यांतून अजून गेलेला नाही. जुलाबानंतर काही दिवसांनी पायांतली ताकद जाते, ते जीबीएस आपण सगळ्यांनी जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागातल्या बातम्यांत पाहिलं. जंतू वेगळे आहेत, पण यातही प्रतिकारशक्ती उशिरा उलटते आणि निदानाचा धागा मागच्या आजाराच्या तारखेतच असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत आणि एकदा शाळांत जातातच. त्यांच्या तपासणी कार्डावरही ही ओळ बसेल.

कागदाचा मसुदा मी तयार केला आहे, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. छपाईचा खर्च एखाद्या साखर कारखान्याला किंवा ग्रामपंचायतीला जड जाणार नाही, पण त्यावर आपला शिक्का असेल तरच परजिल्ह्यातला डॉक्टर तो उघडून बघेल. टोळ्या निघण्याआधीच्या आशा आणि अंगणवाडीताईंच्या मासिक बैठकीत अर्धा तास मिळाला, तर आमच्या तालुक्यात मी स्वतः येऊन समजावून सांगेन. शेजारच्या तालुक्यांतल्या बालरोगतज्ज्ञांशीही बोलले आहे, तेही तयार आहेत. मुकादमांना कागद वाटण्याचं काम आम्ही बाजाराच्या दिवशी करू.

आपल्या उत्तराची वाट पाहते आहे. ते दसऱ्याच्या आत यावं.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ, बीड जिल्हा